चौकशी खिडकी

मॅडमना आम्ही पाठीमागे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचो, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनीच मला विचारलं, “हे नाव कुणी ठेवलं गं?” मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाल्या, “ज्यानं ठेवलं त्याला सांग, चौकशी खिडकीवर लोक विचारायला येतात. मी लोकांकडे विचारायला जाते. नाव उलटं पडलंय.” आणि मग हे नाव ठेवणारा कोण असेल, त्याला ते सुचलं कधी, स्टेशनवर की ऑफिसात, याचे तर्क तळेगाव येईपर्यंत करत बसल्या. राग नव्हता त्यात. नुसतं कळायला हवं होतं.

मी तेव्हा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि एका सरकारी पाहणीत कंत्राटी प्रगणक म्हणून लागले होते. यादीत निवडून आलेल्या घरी जायचं, घरात कोण कोण आहे, कोण काय काम करतं, कुणाला काम नाही, हे विचारून टॅबमध्ये भरायचं. ही उत्तरं वर जातात, त्यांचे तक्ते होतात आणि मग बातम्यांत सांगतात की बेरोजगारी वाढली किंवा कमी झाली. मॅडम आमच्या पर्यवेक्षक होत्या. निवृत्तीला आलेल्या, लोणावळ्यात एकट्या राहणाऱ्या, उंच, किडकिडीत, केसांचा घट्ट अंबाडा. पर्यवेक्षकानं खरं म्हणजे ऑफिसात बसून आमचं काम तपासायचं. या माझ्या स्कूटीवर मागे बसून घरोघरी यायच्या, आणि त्यांच्या मांडीवर एक घडीचं कापडी स्टूल असायचं.

ते स्टूल सगळ्या मावळात प्रसिद्ध होतं. कुणाच्याही अंगणात गेलं की त्या ते फटकन उघडायच्या आणि बसायच्या. “अहो बाई, खुर्ची आणतो ना,” असं घरातला माणूस म्हणेपर्यंत पहिला प्रश्न गेलेला असायचा. मी एकदा विचारलं, खुर्चीवर का नाही बसायचं? म्हणाल्या, “खुर्ची आणायला आत गेलेला माणूस उत्तर तयार करून बाहेर येतो.”

आमच्यातले एक-दोघे चार घरं विचारून बाकीची चहाच्या टपरीवर बसून भरायचे. मॅडम ते टॅबवर नुसती नजर टाकून ओळखायच्या. “या वस्तीतली सगळी माणसं नऊ ते पाच काम करतात? भातलावणीच्या दिवसांत? मला भेटायचंय या माणसांना. चल, दाखव.” आणि खरंच घेऊन जायच्या. ओरडायच्या नाहीत. उन्हापावसात प्रत्येक घर पुन्हा विचारायला लावायच्या आणि संध्याकाळी परत येताना म्हणायच्या, “बघ, किती मजा आली.”

त्यांना खरोखरच मजा यायची. परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी त्यांचं चालू असायचं: आज कळलं की गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतात. आज कळलं की चिक्की कापणाऱ्याच्या तळहाताला गरम लागेनासं होतं. आज कळलं की उर्शाच्या टोलनाक्याजवळ पाण्याच्या बाटल्या विकणारी बाई गाडीच्या काचेकडे बघून सांगते, हा थांबणार की नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांना कुणी काही विचारलं तर त्या उत्तर द्यायच्या. पूर्ण. “बाई, तुमचं लगीन न्हाई झालं व्हय?” असं खेड्यातल्या बायका हमखास विचारायच्या. मी ओशाळायचे. मॅडम मात्र टॅब बाजूला ठेवायला लावून सविस्तर सांगायच्या. दोनदा जमत आलं होतं. पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं, तुम्ही आईशी शेवटचं कधी भांडलात आणि कशावरून? तो गप्प बसला. दुसऱ्यानं उत्तर दिलं, पण इतकं मोठं की यांचाच विचार बदलला. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग घरातलं सगळं सांगायच्या. “आपण विचारतो ना लोकांना? मग त्यांनी विचारलं तर तोंड चुकवायचं नाही,” असं त्यांचं म्हणणं.

एका फेरीत राष्ट्रीयत्वाचा प्रश्न होता. लोणावळ्यात वलवणच्या बाजूला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत नेपाळी कुटुंब राहत होतं. नवरा रखवालदार, बायको बंगल्याची झाडलोट करणारी, एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी विचारलं, राष्ट्रीयत्व काय लिहू? नवरा घाबरला. म्हणाला, “मॅडम, काय लिहिलं की त्रास होणार नाही?”

“त्रास होणार नाही, फायदाही होणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “खरं काय आहे?”

तो विचारात पडला. “खरं म्हणजे... नेपाळ. पण तिकडे गेलो की लोक म्हणतात, हे इंडियावाले आले.”

“आणि इकडे?”

“इकडे बहादूर म्हणतात.”

“ते तुमचं नाव आहे?”

“नाही.”

मॅडमनी त्याचं खरं नाव विचारून घेतलं आणि पुढचे सगळे प्रश्न त्या नावानं विचारले. मग मुलीकडे वळल्या. “तू कुठली गं?”

“मी वलवणची,” मुलगी ठसक्यात म्हणाली. “बाबा नेपाळचे आहेत.”

टॅबमध्ये वलवण नावाचा देश नव्हता. मी मुलीच्या नावापुढे नेपाळ निवडलं. मॅडमनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाल्या, आणि बंगल्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर थांबल्या. “नियमानं बरोबर आहे. पण तिला मोठेपणी कुणीतरी परत विचारायला हवं. तेव्हा काय सांगेल गं ती?” हा प्रश्न त्यांनी मला नंतर कितीतरी वेळा विचारला, जणू मी तिला मधूनमधून भेटत होते.

घोरावाडी स्टेशनजवळच्या चाळीतली गोष्ट मात्र मी कधी विसरणार नाही. घरात नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. नवरा चाळिशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. मी विचारलं, गेल्या सात दिवसांत काय काम केलंत? तो म्हणाला, “कंपनीत. रोज. लाइन सुपरवायझर आहे.” वडील मान डोलावत होते. मी भरायला लागले, तर मॅडम एकदम म्हणाल्या, “अगं, टॅबची बॅटरी गेली वाटतं. उद्या येऊ आपण.”

बॅटरी अर्धी होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, “मी रोज सकाळी लोकलनं घोरावाडीला उतरते. हा माणूस प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या बाकावर असतो. डबा मांडीवर घेऊन. संध्याकाळी मी परत जाते तेव्हाही तिथेच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो उठायला लागला. मॅडम म्हणाल्या, “बसा. घरी काही सांगणार नाही. आम्हाला तशी मुभाच नाही.”

तो डबा मांडीवर घेऊन परत बसला आणि सांगायला लागला. कंपनीनं कंत्राटदार बदलला, त्यात बरेच जण गेले, हाही गेला. वडिलांना हृदयाचा त्रास, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. साठवलेल्यातून दर महिन्याला पगार म्हणून घरी देत होता. “लिहा,” तो म्हणाला. “बेकार.”

“थांबा. दिवसभर इथे करता काय?”

“काही नाही.”

“माणूस दिवसभर ‘काही नाही’ करू शकत नाही. सांगा ना, मला खरंच ऐकायचंय.”

मग हळूहळू निघालं. जिन्यावरून म्हाताऱ्यांच्या पिशव्या चढवून देतो. दुपारी चहावाला जेवायला जातो तेव्हा तासभर त्याची टपरी सांभाळतो. पैसे? पैसे नाही घेत. चहावाला दुपारचा वडापाव देतो, चहा देतो.

मॅडमचा चेहरा उजळला. “मग तुम्ही बेकार नाही! आमच्या नियमात आठवड्यात एक तास जरी मोबदला घेऊन काम केलं, तरी माणूस कामावर आहे असं धरतात. वडापाव हा मोबदला आहे. तुम्ही घरी खोटं सांगितलं असेल, पण आकडेवारीत तुम्ही नोकरीला आहात.”

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की त्याला निळ्या बाहीनं डोळे पुसावे लागले. आणि डोळे पुसता पुसता म्हणाला, “मॅडम, म्हणजे देशात कामावर असलेले म्हणून सांगतात, त्यांत माझ्यासारखे किती असतील हो?”

“तेच तर मला कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी परतताना ‘आज कळलं की’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. काही आठवड्यांनी बाक रिकामा दिसायला लागला, तेव्हा त्या रोज मला फोन करून सांगायच्या, “आजही नव्हता.” शेवटी चहावाल्याला गाठलं. बाकावरच्या माणसाला चाकणच्या एका गोदामात काम लागलं होतं. घरी सांगितलं का, हे चहावाल्याला माहीत नव्हतं. त्यावरून त्या चहावाल्यावर चिडल्या.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले, तिकडे येते. सुदुंबऱ्याच्या पलीकडे एक वस्ती आहे. त्या फेरीत कामधंद्याच्या प्रश्नांनंतर आणखी एक भाग जोडलेला होता: गेल्या वर्षभरात घरात कुणी दगावलं का, आणि कशानं. टॅबमध्ये कारणांची यादी उघडायची. हृदयविकार, कर्करोग, अपघात असं करत करत अगदी खाली नशेच्या पदार्थांचं कारण होतं. तिथपर्यंत आम्ही कधी गेलोच नव्हतो. दारूनं गेलेल्या माणसालाही घरचे कावीळ झाली म्हणायचे.

घर शेतकऱ्याचं. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची गंजी अंगणात रचलेली. आबा पन्नास-पंचावन्नचे, पांढरा सदरा, टोपी. मावशी दाराशी सुपात तांदूळ पाखडत बसलेल्या. शेती किती, कोण राबतं, सगळं नीट सांगितलं. मग मी तो प्रश्न विचारला.

“आमचा ल्योक गेला,” आबा म्हणाले. “सागर.” (हे त्याचं खरं नाव नाही. खरं लिहिलं तर मॅडम मला दारात उभं करणार नाहीत.)

“वय?”

“तेवीस.”

“कशानं?”

“अटॅक.”

मी हृदयविकारावर बोट ठेवणार, तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं. “काय काम करायचा तो?”

“कंपनीत व्हता कंत्राटावर. मंग सोडली. लोनावळ्याला बंगल्यावर पारट्या असत्यात, तितं शनवार-आयतवार वाढायला जायचा. मित्राच्या खोलीवर व्हता, तितंच झालं.”

“त्या दिवशी सकाळी घरी होता? कसा होता?”

सुपाचा आवाज थांबला. आबा उभे राहिले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद काढला आणि मॅडमच्या समोर धरला. “बाई, ह्यो डाक्टरचा दाखला. हृदयक्रिया बंद पडून. सरकारचाच हाय. ह्येच्यात लिवलंय तेच लिवा.”

आम्ही निघालो. वस्तीच्या वळणावर मागून हाक आली. मावशी ओच्यात पावट्याच्या शेंगा घेऊन धावत येत होत्या. शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या आणि मॅडमचा हात धरला.

“बाई, सा महिनं झालं. लय मानसं येऊन गेली. समद्यांनी मला सांगितलं, देवाच्या मनात व्हतं, नशिबात व्हतं. सकाळी कसा व्हता ह्ये कुनीच इचारलं न्हाई.”

“मग, कसा होता?” मॅडम म्हणाल्या.

मावशींनी रस्त्यात उभ्या उभ्या सांगितलं. सकाळी त्यानं भाकरी खाल्ली नव्हती. नुसतं पाणी प्यायला, परत परत प्यायला. अंगणातल्या खाटेवर पडला होता, डोळे अर्धे उघडे. मावशी त्याला म्हणाल्या होत्या, आळशी मेला, बाप शेतात राबतोय. हे त्यांचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. त्याआधी कितीदा तरी कपडे धुताना त्याच्या खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली होती. जागरणानं डोकं दुखत असेल, असं समजून त्यांनी ती चुलीत घातली. तेराव्याला सागरचा मित्र विकी त्यांच्या पायाशी बसून रडला, तेव्हा कळलं. गोळ्या नशेच्या होत्या. त्या दिवशी त्यावर आणखी काहीतरी घेतलं होतं.

“ह्यांना ठावं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “कळलं तर मोडून पडतील. पन तुमी लिवा.”

मॅडमनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. “ताई, लिहिलं तरी त्याचं नाव कुठे येणार नाही. पोलीस येणार नाहीत, कुणाला शिक्षा होणार नाही. नुसता एक आकडा.”

“असू द्या. पन अटॅकवाल्या म्हाताऱ्यांत नका बसवू त्याला. त्याच्यासारख्या पोरांत बसवा.”

माझ्यावर असतं तर मी तिथेच रस्त्यात ते कारण भरून मोकळी झाले असते. मॅडमनी ते करू दिलं नाही. “एका घरातून दोन उत्तरं आली आहेत. आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. असं कसं भरायचं?” पुण्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, की एका घरामुळे सगळ्या गावाचं काम अडलंय, दाखला आहे ना, दाखल्याप्रमाणे भरा. मॅडम म्हणाल्या, “भरते. माझा एक प्रश्न राहिलाय.” साहेब म्हणाले, यादीत आता एकही प्रश्न राहिलेला नाही. मॅडमनी फोन ठेवून दिला.

मला त्यांची चीडच आली होती. लोकांच्या दुःखात इतकं नाक खुपसायचं कशाला? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू एक बघितलंस का? दाखला त्यांनी कपाटातून आणला नाही. खिशातून काढला. घरच्या अंगणात बसलेला माणूस, शेतावर जाणारा माणूस, सहा महिने तो कागद खिशात घेऊन फिरतोय. का?”

आम्ही पुन्हा गेलो. आबा अंगणात पेंढ्याचा वळ, म्हणजे भारे बांधायची दोरी, वळत बसले होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा आंबट झाला, पण बसा म्हणाले. मॅडम बसल्या आणि सरळ विचारलं, “आबा, दाखला खिशात का ठेवता?”

आबांचे हात थांबले. “कुनी इचारलं तर दावायला.”

“कुणी विचारलं?”

“न्हाई. तुमीच पैल्या.”

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला दावायला ठिवला व्हता ना?”

आबांनी वर पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. पेंढ्याचा वळ त्यांच्या हातातून सुटत सुटत उलगडून गेला.

“व्हय,” ते म्हणाले. “तू कवा इचारशील म्हनून. त्येच्या गाडीच्या डिकीत गावल्या व्हत्या मला गोळ्या. मागल्या सालच्या दिवाळीच्या आदी. मी त्याला मारला. हिरीत फेकल्या गोळ्या आनि त्याला म्हनलं, आईला कळलं तर ती मरंल. तो म्हनला, न्हाई घेनार. मी इश्वास ठिवला. तुला सांगितलं असतं तर तू नजर तरी ठिवली असतीस.”

“मला बी ठावं व्हतं,” मावशी म्हणाल्या. “विकीनं सांगितलं. तुमास्नी कळू नी म्हनून मी गप.”

मॅडम उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाचं बोलणं अर्धवट सोडून उठताना पाहिलं नव्हतं. मला खूण करून त्या अंगणाबाहेर आल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. आतून आधी मावशींचा आवाज आला, मग आबांचा. मला एकेक शब्द ऐकू येत होता. मॅडम मुद्दाम माझ्याशी समोरच्या डोंगराबद्दल बोलत राहिल्या, की त्याचं नाव काय, त्यावर गुरं जातात का. त्यांचं उत्तराकडे लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं मावशींनी हाक मारली. “या बाई, लिवून घ्या.”

आबांनी स्वतः सांगितलं. मी यादीत अगदी खाली गेले आणि ते कारण निवडलं. खाली सविस्तर लिहायला चौकट होती, त्यात मॅडमनी सांगितलं तसं, एकही विशेषण न घालता लिहिलं. मग टॅब बंद केला. आम्ही उठणार तर आबा म्हणाले, “त्यो विकी अजून बी घेतो. बाजारात दिसला व्हता. डोळं तसंच. त्येच्या बापाला कुनी सांगायचं?”

मावशींनीच आतून त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. आबांनी टोपी नीट केली आणि आमच्यासमोरच ते विकीच्या घराकडे चालायला लागले.

पुढचं मला मॅडमकडून कळलं, कारण त्या नंतरही तिकडे जात राहिल्या. सरकारी काम नसताना, रजा टाकून. विकीच्या वडिलांची पिठाची गिरणी. त्यांनी आबांना पहिल्या दिवशी हाकलून दिलं. “तुझं पोरगं गेलं, आता माझ्यावर उठलायस व्हय?” असं चार माणसांत म्हणाले. आबा दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. गिरणीच्या कट्ट्यावर बसायचे आणि उठून यायचे. शेवटी एका संध्याकाळी विकीच बाहेर आला आणि बापाला म्हणाला, आबा खरं बोलत्यात. मग दवाखाना, व्यसनमुक्तीचं केंद्र. तिथून आल्यावर काही दिवसांनी त्यानं परत घेतल्या. परत केंद्र. घरी बापाशी पटेना.

त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या, मी बँकेत लागले, आणि तो विषय आमच्या फोनवरच्या बोलण्यातूनही मागे पडला. गेल्या हिवाळ्यात तळेगावच्या बाजारात आबा दिसले. टेम्पोतून तांदळाची पोती उतरवत होते. त्यांच्याबरोबर एक उंच मुलगा होता. आबांनी मला ओळखलं. “ह्यो विकी,” म्हणाले. “आमच्याकडंच असतो आता.”

मी घरी येऊन मॅडमना फोन केला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी सरबत्तीच सुरू केली. अंगावर मांस आलंय का त्याच्या? हात थरथरत होते? त्याची आई येते का भेटायला? मावशींशी बोलतो? सागरच्या खाटेवर झोपतो की वेगळी आहे? मला एकाचंही उत्तर देता येईना. “एवढी भेट झाली आणि विचारलं काहीच नाहीस!” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून त्या तळेगाव स्टेशनवर हजर.

आम्ही गेलो तेव्हा मावशी घरात नव्हत्या, आबा शेतावर होते. विकी अंगणात पोती शिवत होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मॅडमनी पूर्ण तांब्या संपवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळे प्रश्न येणार. त्यांनी एकच विचारला.

“झोप लागते का रे?”

विकीनं सुई पोत्यात तशीच खोचून ठेवली. “कदी लागती. कदी न्हाई.”

“नाही लागली की काय करतोस?”

“आबांना हाक मारतो,” विकी म्हणाला. “त्ये जागंच असत्यात.”